गाठीच्या वेशीवर अडलेल्या पेशी

जुन्या बडोद्यात मांडवीपर्यंत पोचायचं तर लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर किंवा गेंडीगेट यांपैकी एका दरवाज्यातून शिरावं लागे. रोगप्रतिकारक टी-पेशींचंही तसंच. रक्तासोबत वाहताना त्या बारीक शिरांच्या भिंतीवर आधी घरंगळतात, मग चिकटतात आणि फटीतून अंग चोरून पलीकडे जातात. सूज आलेल्या जागी ही भिंत स्वतःच चिकट रेणू पुढे करून त्यांना थांबवते.

कर्करोगाची गाठ नेमकी हीच व्यवस्था बिघडवते. व्हीईजीएफ हे प्रथिन सोडून ती वेड्यावाकड्या, गळक्या रक्तवाहिन्या उगवून घेते. भिंत गळकी म्हणजे वाट मोकळी, असं वाटेल, घडतं उलटं. चिकट रेणू कमी होतात, पेशींना पाय टेकायला जागा उरत नाही. त्यातूनही शिरल्या, तर पुढे कोलॅजन तंतूंचं दाट कुंपण. पुष्कळ गाठींत टी-पेशी त्याच्या बाहेरच खोळंबलेल्या दिसतात.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेली नेक्सकार१९ ही टी-पेशींच वापरणारी उपचारपद्धती रक्ताच्या कर्करोगांसाठी आहे. घट्ट गाठींपुढे मात्र अशा पेशी अडखळतात. मला मोलाची वाटते ती कर्करोग-संशोधक राकेश जैन यांनी २००१ मध्ये मांडलेली कल्पना: गाठीच्या वाहिन्या नुसत्या तोडू नयेत, व्हीईजीएफला आवर घालून आधी त्या सुधाराव्यात.