गळ्याला मार लागला आणि आवाज बसला, तर...

कबड्डीत गळ्यावर कोपर बसते. स्कूटरचे हँडल आदळते. ओढणी चाकात अडकून गळा आवळला जातो. कामावर दांडा निसटून लागतो. वरून जखम दिसत नाही, म्हणून माणूस हळद-दूध घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो. पुढे आवाज घोगरा होतो, खोकला लागतो आणि घरचे म्हणतात, "सर्दी झाली असेल." बंधू-भगिनींनो, इथेच आपली फसगत होते.

गळ्याच्या पुढच्या उंचवट्यामागे स्वरयंत्र असते. त्यातले दोन स्वरतंतू बोलताना एकमेकांना टेकून थरथरतात. पुरुषांत सेकंदाला सुमारे १०० ते १२५ वेळा, स्त्रियांत २०० च्या आसपास. घास गिळताना हेच तंतू मिटून श्वासनलिकेचे रक्षण करतात. माराने तंतू सुजला, कूर्चा तडकली किंवा तंतू हलविणारी नस दुखावली, तर ते नीट जुळत नाहीत. फटीतून हवा निसटते आणि आवाज फुटका येतो. पाणी पिताना थेंब श्वासनलिकेत उतरतो आणि ठसका लागतो. अशा वेळी नुसत्या खोकल्याच्या बाटलीने मूळ दुखणे जात नाही.

मार लागल्यावर दम लागणे, श्वासाचा घरघर आवाज येणे, थुंकीत रक्त दिसणे, गिळता न येणे, मानेची कातडी फुगून दाबल्यावर कुरकुरणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, मोठे रुग्णालय गाठा. सूज काही तासांनीही वाढते. म्हणून पहिला दिवस-रात्र माणसाला एकटे ठेवू नका.

धोक्याचे लक्षण नसेल, पण माराने आवाज बदलला असेल, तरी लवकरच सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा. तीन आठवडे अंगावर काढणे तर मुळीच नको. डॉक्टर आरसा किंवा दुर्बीण घालून स्वरतंतू पाहतात. मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ साली आरशाच्या साहाय्याने स्वतःचेच स्वरतंतू पाहिले होते. तपासणी थोड्या वेळाची असते. नंतर औषध, आवाजाचे व्यायाम, क्वचित शस्त्रक्रिया असा उपचार ठरतो.

तोवर ओरडू नका, सारखे खाकरू नका. कुजबुजून बोलल्यानेही ताण पडतो. पाणी थोडे थोडे प्या. तंबाखू, विडी, मिश्री बंद करा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकीची तपासणीही करून घ्या. प्रत्येक खोकला मारामुळेच असतो असे नाही.

मार कामावर लागला असेल तर त्याच दिवशी अपघाताची लेखी नोंद करायला लावा. ई.एस.आय. लागू असेल तर कार्ड घेऊन जा. केसपेपर जपून ठेवा. महिन्याने आवाज गेल्याची तक्रार केली, तर पुरावा मागतात.

भाजी विकणारी बाई, कंडक्टर, शिक्षक यांची भाकरी आवाजावर चालते. तो बसला तर घरची चूल मंदावते. म्हणून मार लहान वाटला तरी गळा दाखवून घ्या.