पाचारण कुणाला?

वर्तमानपत्रात ‘पाचारण’ हा शब्द आपल्याला भेटतो तो बहुधा वाईट बातमीत. आग लागली की अग्निशमन दलाला पाचारण करतात, दंगल उसळली की राखीव पोलिसांना. मराठी ख्रिस्ती माणसाच्या घरात मात्र हा शब्द फार जिव्हाळ्याचा आहे. बायबलच्या मराठी भाषांतरात, पौलाच्या पत्रांतून तो पुनःपुन्हा येतो. देवानं माणसाला एखाद्या कामासाठी हाक मारणं म्हणजे पाचारण. घरातला एखादा मुलगा फादर व्हायला निघाला, मुलगी सिस्टर झाली, की त्यांना पाचारण झालं असं म्हणायचं. आपल्याकडे वारकरी ‘पंढरीचं बोलावणं आलं’ म्हणतात, त्याच्या जवळचंच हे.

जून उजाडला की मुंबईच्या उपनगरांतल्या ख्रिस्ती शाळांमधून हा शब्द आणखी काही जणींच्या कानावर पडतो. अंधेरीला चकाल्याची होली फॅमिली, महाकाली रस्त्यावरची कनोसा, बोरिवलीची डॉन बॉस्को आणि सेंट फ्रान्सिस, मुलुंडची सेंट मेरीज, घाटकोपरच्या शेजारी विद्याविहारची फातिमा. या आणि अशा अनेक शाळांत दर वर्षी नव्या शिक्षिका आणि मोजके शिक्षक रुजू होतात. मुलं यायच्या आधी दोन-तीन दिवस शिक्षकांना बोलावण्याची पद्धत अशा शाळांत सर्रास आहे. त्या पहिल्याच सकाळी नव्या मंडळींना सांगितलं जातं, की तुम्ही इथे नुसत्या नोकरीला आलेला नाहीत, तुम्हाला पाचारण झालं आहे.

पश्चिम उपनगरातल्या अशाच एका कॉन्व्हेंट शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. माझं घर देशस्थांचं, देव्हाऱ्यात बाळकृष्ण आणि खंडोबाचा टाक. हे स्वागत मी एकदा पाहुणी म्हणून अनुभवलं आणि पुढे तीस वेळा यजमानांच्या बाजूनं पाहिलं. म्हणूनच हा शब्द नेमका कुणाला लागू पडतो, या प्रश्नानं माझा पिच्छा कधी सोडला नाही.

स्वागताचा सोहळा साधाच असतो. सभागृहात समई मांडलेली असते, शेजारी उघडं बायबल. प्रार्थना होते, एखादा उतारा वाचला जातो. मुख्याध्यापिका सिस्टर समईवर मेणबत्ती पेटवतात आणि तिच्यावरून नव्या शिक्षिका आपापली मेणबत्ती लावून घेतात. एक गुलाबाचं फूल, नाव लिहिलेलं एक कार्ड, मग बटाटेवडा, केक आणि चहा. या सगळ्यात नवी मुलगी जरा अवघडून उभी असते. तिनं बी.एड. केलेलं असतं, ती विरार किंवा डोंबिवलीहून दोन गाड्या बदलून आलेली असते. घरी वडील निवृत्त झालेले, धाकट्या भावाचं शिक्षण चालू. तिला नोकरी हवी असते. ‘पाचारण’ ऐकून ती शेजारणीला हळूच विचारते, “पण मी तर ख्रिश्चन नाही. मला कसं चालेल?”

प्रश्न तिचा एकटीचा नाही. पूर्वी या शाळांत शिकवण्याचा मोठा भार सिस्टर्स आणि फादर उचलत. त्यांची संख्या जगभर रोडावली आणि शाळा संसारी शिक्षकांच्या हाती आल्या. मी रुजू झाले तेव्हा आमच्या शाळेत वर्गावर जाणाऱ्या अकरा सिस्टर्स होत्या. निवृत्त झाले तेव्हा दोन. शिक्षकी पेशा हे एक सुंदर आणि जबाबदारीचं पाचारण आहे, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यानं २८ ऑक्टोबर १९६५ रोजी म्हटलं. उपनगरातल्या स्टाफरूममध्ये मात्र ते ऐकणाऱ्यांत कुलकर्णी, पाटील, शेख, मेनन आणि फर्नांडिस अशा सगळ्याच असतात.

आपल्या भागात ख्रिस्ती शिक्षणाचा इतिहास जुना आहे, आणि तो सगळाच गोड नाही. बोरिवलीच्या मंडपेश्वराला जा. मूळची ही शैव लेणी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात फ्रान्सिस्कन संन्याशांनी त्यांचं चर्च केलं आणि वर मठ व विद्यालय बांधलं. त्याच्या पडक्या भिंती आजही लेण्यांच्या माथ्यावर उभ्या आहेत. एका देवाच्या घरातून त्याला उठवून तिथे दुसऱ्याची शाळा मांडली गेली, हे त्या भिंती विसरू देत नाहीत. १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली आणि या भागातली पोर्तुगीज सत्ता संपली. पुढे याच परिसरात, माउंट पोयसरला, १९०१ मध्ये पाउलुस मोरित्झ नावाच्या जर्मन ब्रदरनं संत फ्रान्सिसच्या नावानं ब्रदरांचा संघ उभारला आणि अनाथ मुलांना सांभाळण्याचं, त्यांना हाताला काम शिकवण्याचं व्रत घेतलं. आज बोरिवलीकर ज्याला आयसी कॉलनी म्हणतात, तिथल्या शाळांतून सगळ्या जातिधर्मांची मुलं पाठीवर दप्तरं घेऊन जातात. पहिल्या प्रकारात सत्ता होती, दुसऱ्यात सेवा. नव्या शिक्षिकेला बोलावताना शाळेनं यातला कुठला वारसा आपला मानायचा, हे ठरवावं लागतं.

ख्रिस्ती शाळेत बिगरख्रिस्ती शिक्षक ही गोष्टही आजची नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि काही वर्षांत त्यांनी शाळा काढल्या. तिथे शिकवायला त्यांनी पगारी पंतोजी ठेवले. त्यांत हिंदू होते, बेने इस्रायलही होते. मिशनची मुलींची पहिली शाळा १८२४ मध्ये मुंबईत निघाली. तिच्यासारख्या शाळा सांभाळायला १८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार नावाची बत्तीस वर्षांची अविवाहित बाई अमेरिकेहून आली. एकट्या स्त्रीनं असं सातासमुद्रापार जाणं त्या काळी तिकडेही जवळजवळ न ऐकलेलं. इथे तर मुलींना शाळेत पाठवायलाच लोक तयार नव्हते. फरारबाई १८३९ पासून अहमदनगरला राहिल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या.

त्यांची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले भारावले. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे झालं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे ज्या बाईंना आपण आद्य शिक्षिका म्हणून वंदन करतो, त्याही एके काळी ख्रिस्ती शाळेच्या दारात नवख्या म्हणून उभ्या होत्या. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. पण शिकवण्याचं काम त्यांनी ज्या निष्ठेनं केलं, अंगावर शेण-दगड झेलत केलं, त्याला पाचारण म्हणायचं नाही तर कशाला? १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता त्यांनी देह ठेवला. ‘मी ख्रिश्चन नाही, मला कसं चालेल?’ या प्रश्नाला मी स्टाफरूममध्ये नेहमी सावित्रीबाईंचं उदाहरण द्यायची. एका सिस्टरांना ते इतकं आवडलं, की पुढच्या जूनपासून समईशेजारी सावित्रीबाईंची तसबीरही येऊ लागली.

धर्माचा प्रश्न असा सुटतो. पैशाचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि त्याविषयी समईसमोर कुणी बोलत नाही.

शिक्षकांचा ख्रिस्ती आश्रयदाता संत मानला जातो तो जाँ बाप्तिस्त द ला साल. सतराव्या शतकातला हा श्रीमंत फ्रेंच धर्मगुरू. रांस शहरातल्या गरीब मुलांच्या शाळेसाठी काही तरुण शिक्षक नेमले होते. अर्धशिक्षित, राहणीचे अडाणी. ला सालनं आधी त्यांना आपल्या घरी जेवायला बोलावलं आणि १६८१ मध्ये राहायलाच आणलं. आप्तेष्ट संतापले. शिक्षकांना पुढची चिंता होती, म्हातारपणी आमचं कसं होणार म्हणून ते विचारत. तो म्हणाला, देवावर भरवसा ठेवा. त्यावर शिक्षकांनी त्याला सुनावलं, की तुम्हाला बोलायला काय जातं, तुमच्याकडे मालमत्ता आहे, चर्चचं वेतन आहे. हे त्याच्या जिव्हारी लागलं. १६८३ मध्ये त्यानं ते मानाचं पद सोडलं आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात आपली संपत्ती गरिबांना वाटून टाकली. १९५० मध्ये पोपनी त्याला शिक्षकांचा आश्रयदाता म्हणून जाहीर केलं. मला त्याच्या संतपणापेक्षा त्या शिक्षकांचं धाडस मोठं वाटतं. पाचारणाची भाषा करणाऱ्यानं आधी स्वतःच्या ताटात काय आहे ते पाहावं, हे त्यांनी त्याला शिकवलं.

आपल्याकडे २००० सालापासून शिक्षणसेवक योजना आहे. अनुदानित जागेवर लागलेला नवा शिक्षक पहिली तीन वर्षं मानधनावर काम करतो. हे मानधन दहा वर्षांहून अधिक काळ प्राथमिकला सहा हजार आणि माध्यमिकला आठ हजार रुपये होतं. २०२३ मध्ये ते सोळा आणि अठरा हजार झालं. विनाअनुदानित तुकडीवर किंवा तासिका तत्त्वावर असलेल्यांची गोष्ट याहून वेगळी. माझी एक विद्यार्थिनी एका खासगी शाळेत मुलाखतीला गेली. पगाराचं विचारल्यावर तिला उत्तर मिळालं, ‘ही सेवा आहे, इथे पैशाचा विचार करायचा नसतो.’ सेवा हा शब्द असा वापरला, की त्याचं नाणं खोटं होतं. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमानं अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्कानं शाळा ज्यांना निवडते, त्यांच्या भाकरीची काळजी वाहणं हेही त्या हक्काबरोबर आलंच.

याउलट चांगलं काय असतं, तेही मी पाहिलं आहे. २६ जुलै २००५ चा मंगळवार. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तो दिवस. दुपारच्या अधिवेशनातली आमची दीडशेच्या वर मुलं शाळेत अडकली. तळमजल्यावर पाणी, वीज गेलेली, फोन बंद. विज्ञानाची एक शिक्षिका जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी रुजू झाली होती, तासिका तत्त्वावर. घर नालासोपाऱ्याला, घरी तीन वर्षांचा मुलगा सासूपाशी. ‘निघतेस का?’ म्हणून तिला विचारलं, तेव्हा गाड्या बंद झाल्या नव्हत्या. ती म्हणाली, “पहिलीची मुलं रडताहेत, त्यांच्यापाशी बसते.” सिस्टरांनी कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरातला सगळा रवा काढून उपमा केला. मेणबत्त्यांच्या उजेडात ही मुलगी मुलांना चांदण्यांची नावं सांगत बसली, खिडकीबाहेर एकही चांदणी नसताना. सकाळी पालक कमरेएवढ्या पाण्यातून आले, शेवटचं मूल दुपारी एकला गेलं, तेव्हा ती उठली.

त्या रात्रीचे तास कुठल्याच मस्टरवर चढले नाहीत. पण पुढच्या महिन्यात एक पद मंजूर झालं, तेव्हा सिस्टर तिची फाइल घेऊन स्वतः शिक्षण खात्याच्या कचेरीत जाऊन बसल्या. ‘ॲप्रूव्हल’ हातात आलं, त्या दिवशी त्यांनी तिला एवढंच म्हटलं, “तू आमचं काम केलंस, आता आम्ही तुझं केलं.” पाचारणाची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही. हाक दोन्हीकडून जावी लागते.

मोठमोठ्या शब्दांनी नव्या माणसाचं स्वागत होत नाही, याचा पुरावा प्रत्येक स्टाफरूममध्ये मिळेल. आमच्याकडे गणिताच्या एक ईस्ट इंडियन टीचर होत्या. नवी मुलगी आली, की त्या आपल्या कपाटाचा अर्धा खण रिकामा करून द्यायच्या. नववी ‘ड’मध्ये पहिल्या दिवशी कुठे उभं राहायचं, कुठल्या मुलाची आई गेल्या वर्षी वारली आहे, टाचण कुणाचं पाहावं, निकालपत्रक भरताना कुणाला विचारावं, हे सगळं त्या डबा खाता खाता सांगायच्या. पहिल्या महिन्यात नवीनं वर्गात रडून घेतलं, तर कुणाला न कळता तिचा पुढचा तास स्वतः घ्यायच्या. दर रविवारी न चुकता मिसेला जाणाऱ्या या बाईंनी देवाचं नाव स्टाफरूममध्ये फारसं काढलं नाही. कितीतरी जणी केवळ त्या अर्ध्या खणामुळे टिकल्या. आलेली नोकरी पाच-सहा वर्षांत केव्हातरी पाचारण होते, ती अशा माणसांच्या सोबतीत.

यात घराघरांतल्या वाचकांचाही वाटा आहे. शाळा सुरू झाली, की मूल घरी येऊन सांगतं, “आम्हाला नवीन टीचर आल्यात.” आपण लगेच विचारतो, अनुभव किती, इंग्रजी कसं आहे, जुन्या का गेल्या? पहिल्या पालकसभेत त्या पोरसवदा बाईला आपण उलटतपासणीला उभं करतो, आणि सहामाहीत गुण कमी पडले की मुख्याध्यापिकेकडे अर्ज नेतो. एकदा तरी वेगळं करून पाहावं. मुलाच्या वहीत दोन ओळींची चिठ्ठी पाठवावी, की बाई, तुम्ही आलात, बरं वाटलं. आमचा मुलगा जरा अबोल आहे, पण गोष्टीत रमतो. ती वाचून त्या बाई उद्या वर्गात त्याच्याकडे पाहून हसतील. त्यांच्या कामाला तेवढं पाठबळ बरेच दिवस पुरतं.