मार्चअखेरच्या सह्या

मार्चचा शेवटचा आठवडा आला की संरक्षण मंत्रालयात आणि त्याच्या पुरवठादारांकडे लगीनघाई उडते. भांडवली खर्चाचा जो पैसा ३१ मार्चपर्यंत वापरला जात नाही, तो परत जातो. २०२५ साली २६ मार्चला 'अटॅग्स' तोफांच्या करारांवर सह्या झाल्या: ३०७ तोफा, त्या ओढायला ३२७ वाहनं, सुमारे ६,९०० कोटी रुपये. दोनच दिवसांनी हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी (एचएएल) १५६ 'प्रचंड' हेलिकॉप्टरांचे, ६२,७०० कोटींचे दोन करार.

बातमीत दिसते ती फक्त सही. अटॅग्सवर पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेत २०१३ पासून काम चालू होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने १५० तोफांना 'एओएन' दिला, सुमारे ३,३६५ कोटींचा. बाहेर पेढे वाटले जातात ते इथेच. आतल्या माणसाला मात्र ठाऊक असतं, एओएन म्हणजे गरज मान्य झाली. ऑर्डर नाही, पैसाही नाही. चाचण्या लांबल्या. २०२० मध्ये पोखरणला तोफेची नळी फुटून माणसं जखमी झाली. पुढे १५० चे ३०७ झाले आणि करार हाती आला तो साडेसहा वर्षांनी.

इतकी वर्षं तग कोण धरतं? भारत फोर्जने हाती ऑर्डर नसताना स्वित्झर्लंडमधला तोफांचा अख्खा कारखाना विकत घेतला, सुटा करून पुण्यात आणला. ते धाडस फळलं: 'एल-वन', म्हणजे सर्वांत कमी बोलीचे, ठरून ६० टक्के तोफा त्यांच्याकडे आल्या, ४० टक्के टाटांकडे. सुटे भाग करणाऱ्या भोसरीतल्या छोट्या कारखानदाराला मात्र बँकेचा हप्ता दर महिन्याला भरावा लागतो. त्याने नवं मशीन कशाच्या भरवशावर घ्यायचं?

संधी वाढली आहे, हे खरंच. देशी खरेदीसाठी २०२०-२१ मध्ये ५२,००० कोटी वेगळे काढले होते. २०२५-२६ मध्ये १,११,५४४ कोटी, म्हणजे आधुनिकीकरणाच्या रकमेचा ७५ टक्के वाटा. पण जाणकार आधी बांधील देणी बघतात. जुन्या करारांचे हप्ते त्यातूनच जातात, नव्या ऑर्डरींना उरतं ते त्यानंतरचं.

वर्षाअखेर परत न जाणाऱ्या निधीची शिफारस पंधराव्या वित्त आयोगाने केली होती, सरकारने ती तत्त्वतः मान्यही केली. तो निधी आता उभा करावा, आणि पाच वर्षांची खरेदी आकड्यांसह आधीच जाहीर करावी.