सोयीच्या आकड्यांची बारा वर्षं

अमेरिकेच्या मतदान हक्क कायद्याला ६ ऑगस्ट २०२५ रोजी साठ वर्षं झाली. त्यातल्या पहिल्या चाळीस वर्षांवर इथे फार थांबायचं कारण नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांची नावं मतदारयादीत लागली, काँग्रेस कायद्याची मुदत वाढवत गेली आणि २००६ मध्ये सिनेटने ती ९८ विरुद्ध ० मतांनी वाढवली. हिशेब मागायला हवा तो २०१३ नंतरच्या काळाचा. वंशाविषयीच्या राजकीय युक्तिवादात पुरावा कशाला म्हणायचं, याची पट्टीच त्या काळात सोयीप्रमाणे बदलू लागली.

कायद्यात एक अट होती. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यायची. शेल्बी काउंटी खटल्यात २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही अट कोणाला लागू होते हे ठरवणारं सूत्रच रद्द केलं, आणि अट कागदावर उरली. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचा भर आकड्यांवर होता: गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मतदारांतली तफावत जवळपास मिटली आहे, मग जुनं सूत्र कशाला? भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देण्यासारखं हे आहे, असं रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालपत्रात बजावलं. उपाय लागू पडला, हाच उपाय नको असल्याचा पुरावा ठरवणं हा उघड तर्कदोष आहे. सूत्र चाळीस वर्षांपूर्वीच्या आकडेवारीवर बेतलेलं होतं, हा आक्षेप मात्र खोटा नव्हता. पण काँग्रेसने २००६ मध्ये ताज्या भेदभावाचे पुरावे गोळा केले होते, ते पंधरा हजारांहून अधिक पानं भरले. बहुमताने त्या पानांना जवळपास हातच लावला नाही.

पुढचं फार लवकर घडलं. टेक्सासने त्याच दिवशी ओळखपत्राचा अडवून ठेवलेला कायदा लागू करत असल्याचं जाहीर केलं. नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने तर मतदानाची कोणती सोय कोणत्या वंशाचे लोक वापरतात याची आकडेवारी मागवली आणि ऑगस्टमध्ये कायदा झाला. मुदतपूर्व मतदानाचे १७ दिवस १० वर आले, नोंदणी आणि मतदान एकाच वेळी करण्याची सोय गेली, आणि गोऱ्यांकडे जास्त आढळणारी ओळखपत्रं मात्र ग्राह्य राहिली. कृष्णवर्णीय मतदारांवर शस्त्रक्रियेच्या अचूकतेने नेम धरला गेल्याचं अपील न्यायालयाने २०१६ मध्ये नोंदवलं आणि कायद्यातल्या या तरतुदी रद्द केल्या. भेदभाव संपल्याचा निष्कर्ष ज्या आकड्यांवर काढला, तसल्याच आकड्यांनी तो करण्याची जागा दाखवून दिली.

यावर हमखास उत्तर येतं की कृष्णवर्णीयांचं मतदान काही कोसळलं नाही. २०२० मध्ये तर लोक मोठ्या संख्येने बाहेर पडले. पण अडथळा ओलांडला गेला म्हणून तो नव्हताच, असं होत नाही. रांगेतले जादा तास, संघटनांची धावपळ, वर्षानुवर्षं चाललेले खटले यांची किंमत मतदानाच्या टक्केवारीत दिसत नाही. दुसऱ्या बाजूचा दोषही सांगितला पाहिजे. प्रत्येक तफावत म्हणजे भेदभावच, आणि शंका घेणारा वर्णद्वेषीच, असं म्हणणाऱ्यांनी स्वतःचीच बाजू लंगडी केली. तफावत दिसली की चौकशी सुरू व्हायला हवी. तिथेच निकाल लावून मोकळं होणं हा आळस आहे.

आज मात्र चौकशीचंच दार बंद होतं आहे. विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करायला सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये मनाई केली. ती गुणवत्तेच्या रक्षणासाठी असल्याचं समर्थक सांगतात, पण माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना हार्वर्डमध्ये मिळणारं झुकतं माप त्या निकालाने तसंच राहू दिलं. आणि २३ एप्रिल २०२५ च्या आदेशाने डोनाल्ड ट्रम्प यांनी केंद्रीय खात्यांना सांगितलं की, वरवर सर्वांना सारख्या दिसणाऱ्या नियमाचा फटका एका वंशाला जास्त बसतो, एवढ्यावरून जबाबदारी धरणाऱ्या तरतुदींची अंमलबजावणी मागे टाका. म्हणजे २०१३ मध्ये तफावत मिटल्याचे आकडे संरक्षण काढून घ्यायला पुरले. २०२५ मध्ये तफावत दाखवणारे आकडे संरक्षण मागायला पुरत नाहीत. या दोन्ही भूमिकांमागे बऱ्याच अंशी एकच राजकीय गोट आहे. त्या गोटाने यातली कोणती भूमिका सोडली, हे त्याला विचारलं गेलं पाहिजे.