जुना प्लेअर, जुना संगणक: बदलायचा कधी?

डहाणू तालुक्यातल्या सरावलीसारख्या गावात समुद्राकडून येणारी दमट, खारी हवा यंत्रांच्या जोडांना गंज चढवते. म्हणून इथे यंत्राचं वय नुसतं वर्षांत मोजू नये. नेमकं काय निकामी झालं, ते आधी पाहावं.

गाण्यांच्या छोट्या प्लेअरमध्ये बहुधा आधी थकते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारण 300 ते 500 पूर्ण चार्जिंगनंतर 80 टक्क्यांच्या आसपास येते. हा बिघाड नव्हे, बॅटरीतल्या रसायनांचा स्वभावच आहे. बॅटरी बदलून मिळत असेल तर प्लेअर टाकू नका. अ‍ॅपलने 2022 मध्ये आयपॉड बंद केला, तरी धड असलेले आयपॉड आजही वाजतात. बॅटरी फुगली असेल तर मात्र चार्जिंग तिथेच थांबवा. आणि घरच्या कुणाच्या तारपा-वादनाचं रेकॉर्डिंग त्यात असेल, तर प्लेअर चालू आहे तोवरच दुसरीकडे उतरवून घ्या.

संगणक मंद झाला म्हणजे संपला, असं नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि थोडी जास्त रॅम घातली की बरेच जुने संगणक पुन्हा कामाला लागतात. माझ्या मते खरी मर्यादा सुरक्षेची. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 चालत नसेल तर लिनक्स घालून बघा. सुरक्षा अपडेट न मिळणाऱ्या संगणकावर बँकेचे व्यवहार करूच नका.

टाकायची वेळ आलीच, तर यंत्र आणि बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्या.