संमतिपत्रावरील वारसाचे नाव

आपल्या औषधांच्या डब्यातील रक्तदाबाची स्वस्त जेनेरिक गोळी बाजारात येण्यापूर्वी अनेकदा काही निरोगी तरुणांनी ती पैसे घेऊन गिळलेली असते. मूळ औषध व त्याची नवी आवृत्ती रक्तात सारख्याच प्रमाणात उतरते का, हे पाहणाऱ्या या तपासणीस जैवसमतुल्यता चाचणी म्हणतात. आपले औषध स्वस्त आणि तरीही भरवशाचे असावे, यासाठी ती आवश्यकच आहे. म्हणून अशा चाचण्यांना सरसकट नावे ठेवणे योग्य नव्हे. प्रश्न आहे तो तेथे जाणाऱ्या तरुणाच्या गरजेचा.

बीड जिल्ह्यातील अनेक घरांत दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला जातात आणि घर आजी-आजोबांच्या खांद्यावर राहते. अशा घरातला एखादा नातू पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करीत असतो. खोलीभाडे, खाणावळ, अभ्यासिकेचे शुल्क थकलेले असते. ‘दोन रात्री राहायचे, काही हजार रुपये मिळतात,’ असे कोणी मित्र सांगतो. नातू जातो, घरी मात्र कळवीत नाही.

तेथे काय होते? आधी प्रकृतीची तपासणी होते. मग उपाशीपोटी औषध देऊन ठरावीक वेळांनी पुनःपुन्हा रक्त घेतले जाते. काही दिवसांच्या अंतराने दुसरी गोळी देऊन हाच क्रम पुन्हा होतो. बहुतेक जण सुखरूप परततात. तरीही धोका शून्य नसतो. लंडनमध्ये २००६ साली मानवी शरीरात प्रथमच दिल्या गेलेल्या एका औषधाने सहा निरोगी स्वयंसेवक अत्यवस्थ झाले. फ्रान्समधील रेन येथे २०१६ साली अशाच चाचणीत एकाचा मृत्यू झाला. आपल्या शेजारच्या तेलंगणात, करीमनगर जिल्ह्यातील तरुण पैशांसाठी चाचण्यांना जात असल्याचे २०१७ साली एका मृत्यूनंतर उघडकीस आले.

माझ्या मते अधिक काळजीची बाब म्हणजे लागोपाठ चाचण्या. पुरुषाने दोन रक्तदानांत ९० दिवसांचे अंतर ठेवावे, असा आपल्याकडे नियम आहे. पैशांची निकड असलेला मुलगा मात्र मागील चाचणी लपवून महिन्याभरात दुसरीकडे नाव नोंदवू शकतो. मग रक्त भरून निघत नाही, दोन औषधांचा परस्परांवर परिणाम होऊ शकतो आणि चाचणीचे निष्कर्षही बिघडतात. ते बिघडलेले निष्कर्ष शेवटी आपल्याच औषधाच्या डब्यात येतात.

गरजेपोटी दिलेली संमती किती महाग पडते, हे बीडला नव्याने सांगायला नको. खाड्याचा दंड चुकावा म्हणून ऊसतोड महिलांनी गर्भाशये काढून घेतल्याचा प्रश्न २०१९ साली साऱ्या राज्यासमोर आला. सही त्यांचीच होती. पण निवड त्यांची होती काय?

२०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनी सहभागी व्यक्तीला बरेच संरक्षण दिले आहे. नोंदणीकृत नैतिकता समितीची मान्यता आवश्यक आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई द्यावी लागते. सहभागी व्यक्ती कोणत्याही क्षणी बाहेर पडू शकते. माहितीपत्रक व संमतिपत्राची प्रत तिला मिळालीच पाहिजे. या संमतिपत्रावर आणखी एक रकाना असतो. मृत्यू ओढवल्यास भरपाई कोणाला द्यावी, त्या वारसाचे नाव व नाते तेथे लिहावे लागते. तेथे कदाचित आपलेच नाव असेल आणि आपणांस त्याचा पत्ताही नसेल.

म्हणून सुटीत घरी आलेल्या नातवाच्या दोन्ही कोपरांच्या खोबणीत सुयांचे व्रण दिसले, तो लवकर थकू लागला किंवा फिकट दिसू लागला, तर त्याला जवळ बसवून शांतपणे विचारावे. रागावू नये, रागावल्यास तो पुढची चाचणीही लपवील. कोणते औषध घेतले व केव्हा, संमतिपत्राची प्रत कोठे आहे, त्यावर डॉक्टरांचा व नैतिकता समितीचा दूरध्वनी क्रमांक आहे का, मधेच बाहेर पडल्यास मानधन किती मिळते, हे विचारावे. प्रत घरी जपून ठेवावी. ताप, पुरळ, कावीळ, चक्कर, धाप अशी तक्रार असल्यास ती प्रत घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि चाचणीची गोष्ट मोकळेपणाने सांगावी. ती न कळल्यास आम्ही डॉक्टर भलतीकडेच कारण शोधत बसतो. हिमोग्लोबिनची साधी तपासणीही करून घ्यावी.

आणि त्याला आणखी एक विचारावे: ‘बाळा, खोलीचे भाडे किती महिन्यांचे थकले आहे?’ त्याच्या दुखण्याचे मूळ पुष्कळदा या उत्तरात सापडते. त्यावर घरातून, नात्यातून, शिष्यवृत्तीतून काही मार्ग निघतो का, हे त्याच्यासह बसून पाहावे. एवढे करूनही त्याने चाचणीला जायचे ठरविले, तर तो निर्णय घरच्यांना ठाऊक असलेला आणि त्याने स्वतः समजून घेतलेला असावा.