पणदऱ्यात मातीखालचं पाणी मोजताना

पहाटे 5:30

मृग लागायला अजून दोन-तीन दिवस आहेत आणि मी बारामतीहून नीरेच्या रस्त्याला लागलोय. मोटारसायकलला लांब दांड्याचं गिरमिट बांधलंय. पिशवीत मोजपट्टी, नमुन्याच्या थैल्या, डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या आणि क्षार मोजायचं हातातलं मीटर. जुलैपासून आडसाली उसाच्या लागणी सुरू होतात. त्याआधी माती तपासून घ्यावी म्हणून दरवर्षी याच दिवसांत बोलावणी येतात. एरवी लोक खताचा डोस विचारतात. यंदा, 2025 साली, फोनवर वेगळंच ऐकू येतं: "वरनं वाळलंय, पण रानात पाय ठेवला की रुततोय. खाली काय झालंय तेवढं बघा."

कारण साऱ्यांना ठाऊक आहे. 24 मेला मोसमी पाऊस केरळात पोहोचला, त्याच दिवशी अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून किनारा ओलांडून आत आला, आणि 26 मेला हवामान खात्याने पाऊस मुंबई-पुण्यात आल्याचं जाहीर केलं. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची 1950 पासून नोंद नाही. मधल्या रविवारी, रोहिणी निघाल्या त्याच दिवशी, बारामती-इंदापुरात असा कोसळला की पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला, पालखी महामार्गावर पाणी आलं आणि एनडीआरएफची पथकं बोलवावी लागली. ज्या तालुक्यात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वरच्या पट्ट्यात उन्हाळाभर टँकरची वाट पाहतात, त्या तालुक्यात हे मे महिन्यात घडलं.

6:40

पणदऱ्यातलं पहिलं रान, कालव्याखालचं. खोडवा मोडून ठेवलाय, जुलैत लागण करायचीय. गिरमिट फिरवायला लागलो. वरची वीत-दीड वीत माती वाळून भेगाळली आहे. त्याखाली ती पात्याला चिकटून येते, चकचकीत, काळी, साबणासारखा बुळबुळीत हात लागणारी. हाताच्या खोलीवर पिवळसर चुनखडीचे खडे लागले. आणखी खाली गेल्यावर भोकाच्या बाजूंनी पाझर दिसायला लागला. दीड मीटरला थांबलो. भोकाच्या तोंडाशी काठी रोवून वेळ लिहून ठेवली. आता हे भोक तसंच सोडायचं. आजूबाजूच्या मातीतलं पाणी हळूहळू त्यात उतरतं आणि जिथं स्थिरावतं ती त्या रानाची खरी पाणीपातळी. भारी काळ्या मातीत याला तास-तास लागतात, म्हणून हे माप सकाळी सुरू करून संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं.

7:30

रानाचे मालक आबा बांधावर आले. सत्तरी ओलांडलेली, अजून स्वतः दारं धरतात. "औंदा पाण्याला तोटा नाय, सर. हीर काठोकाठ हाय. मे म्हयन्यात अशी हीर मी जन्मात बघितली न्हाई."

विहीर भरली याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता आणि तो मोडायला माझी जीभ वळेना. पण त्यांना घेऊन रानाच्या खालच्या कोपऱ्यात गेलो. तिथं जमिनीवर पांढरी भुकटी पसरली होती. आबांनी ती चिमटीत धरली. "ही पांढरी पयलं एवढ्याशा ठिकाणी व्हती."

त्यांना सांगितलं ते असं. दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं खालचं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं. पाणी उन्हानं उडून जातं, क्षार मागे राहतात. पाणी दीड मीटरच्या आत आलं की ही चढण जोरात सुरू होते. म्हणजे भरलेली विहीर आणि ही पांढरी भुकटी एकाच पाण्याची आहे.

मग आबांनी विचारलं ते मला आवडलं, कारण तोच खरा प्रश्न आहे. "पाऊस तर गोडं पाणी. त्यानं मीठ धुऊन जायला पायजे, वर कसं येतं?"

पाऊस मीठ धुतोच. पावसाइतकं स्वच्छ पाणी जमिनीला दुसरं मिळत नाही. पण धुतलेलं पाणी रानाबाहेर गेलं तरच. निचऱ्याची वाट असेल तर एक मोठा पाऊस कित्येक भरण्यांत साठलेले क्षार खाली घेऊन जातो. वाट नसेल तर तोच पाऊस खालची पातळी उचलतो आणि खोलवर पडून असलेले क्षार मुळांशी आणतो. एकाच ढगाखाली, एका बांधाच्या अलीकडचं रान सुधारतं आणि पलीकडचं बिघडतं.

8:45

चहा. आबांच्या सूनबाईंनी मोबाइल दाखवला: दामिनी ॲप. वीज पडायचा धोका असला की हे सावध करतं. पुण्याच्याच उष्णकटिबंधीय हवामान संस्थेनं, आयआयटीएमनं, केलंय. मेमध्ये ढग गडगडायला लागले की त्या ते उघडूनच गोठ्याकडे निघायच्या. त्यांनी विचारलं, "हे असंच होणार का सर आता दरवर्षी?"

दरवर्षी नाही. पण अशा पावसाची शक्यता वाढली आहे, हे त्याच संस्थेतल्या लोकांनी दाखवून दिलंय. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 1950 ते 2015 या काळातला पाऊस तपासला. मध्य भारताच्या रुंद पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्राचाही भाग येतो, मोठ्या क्षेत्रावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं त्यात निघालं, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणारं बाष्प आहे. हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. सूनबाईंनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पडंल तेव्हा धो धो, नाहीतर नाहीच." याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

10:00

आबांच्या भोकात पाणी दिसायला लागलं. जमिनीपासून 1 मीटर 20 सेंटिमीटरवर. अजून चढतंय.

10:30

पावसाच्या मोजणीबद्दल एक गोष्ट मनात घोळते. पणदरे हे महसुली मंडळ. मंडळाच्या पातळीवर महावेध प्रकल्पातली स्वयंचलित केंद्रं राज्यभर दोन हजारांहून जास्त ठिकाणी बसली आहेत. चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की मंडळ अतिवृष्टीत धरतात आणि पंचनाम्यांची हालचाल सुरू होते. हे चांगलंच आहे. पण आपली पावसाची सारी वही जून ते सप्टेंबर अशी आखलेली आहे. मे 2025 मध्ये देशात सरासरी 126.7 मिलिमीटर पाऊस झाला, 1901 पासूनचा सर्वात ओला मे. तो सगळा मोसमाच्या खात्यात न जाता पूर्वमोसमीच्या खात्यात गेला. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, कारण मेमध्ये पाणी सर्वात खाली असतं असं धरलेलं आहे. यंदा आबांची विहीर मेअखेर काठोकाठ होती. हे वेळापत्रक ज्या पावसावर बसवलं तो पाऊस आता तसा राहिलेला नाही.

दुपारी 12:30

भाकरी, पिठलं, ठेचा. जेवताना आबांचा थोरला मुलगा म्हणाला, "खारपड तर आमच्या पिढीला आली. आजोबांच्या वेळची माती सोन्यासारखी होती."

माती तेव्हाही सर्वत्र सोन्यासारखी नव्हती, आणि हे मला आवर्जून सांगावंसं वाटलं. 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळानंतर या भागाला वाचवायला नीरा डावा कालवा काढला; 1885 मध्ये त्याचं पाणी सुटलं. भाटघरचं पाणी आलं, ऊस आला. आणि 1910 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी यांनी ‘द सॉल्ट लँड्स ऑफ द नीरा व्हॅली’ ही पुस्तिका काढली. पाणी सुटून पंचवीस वर्षंच झाली होती आणि नीरेच्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर सरकारला पुस्तिका छापावी लागली होती. दख्खनच्या कालव्यांखाली सिंचनाचा शेतीशी मेळ कसा घालायचा याच प्रश्नासाठी मुंबई इलाख्यानं 1916 मध्ये एक विशेष सिंचन विभाग उघडला. त्यातूनच पुढे खडकवासल्याची जल आणि विद्युत संशोधन संस्था उभी राहिली.

कागद काढून एक हिशेब मांडला. कालव्याच्या बऱ्यापैकी गोड्या पाण्यातही लिटरला 300 मिलिग्रॅम क्षार धरले, आणि उसाला वर्षात एक मीटर उंचीचं पाणी दिलं, तर एका एकरात साधारण 1,200 किलो क्षार येऊन पडतात. पाटाने मोकळं भरणाऱ्याचं पाणी तर याच्या दुपटीवर जातं. ही पोती बाहेर कुठून जातात? थोरला कागदाकडे बघत राहिला. आबा म्हणाले, "कुठून जात्यात म्हंजे? जातच न्हाईत."

कालवा दुष्काळासाठी होता आणि त्यानं या गावांना माणसात आणलं. त्याच्याबद्दल एक वावगा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. पण पाणी आणायची यंत्रणा चारी-पोटचारीपर्यंत बांधली गेली, आणि काढून द्यायचं काम ओढ्या-ओघळींवर सोडलं. पाचशे मिलिमीटरच्या मुलखात ते कसंबसं चालून गेलं. वर्षाचा मोठा हिस्सा दोन-तीन दिवसांत पडायला लागल्यावर ते चालत नाही.

2:00

ऊन कडक आहे, तरी आबांच्या थोरल्याला घेऊन ओढा बघायला निघालो. आजच्या कामात हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि कोणीही यासाठी मला बोलावत नाही.

आबांच्या रानातून पूर्वी एक चर निघायचा, तो दोन रानं ओलांडून ओढ्याला मिळायचा. आबांच्या रानात त्याच्या खुणा दिसतात, बेशरम आणि पाणकणसं माजली आहेत. मधल्या रानात तो नाही. नांगरून, भर टाकून सपाट केलाय, वर चार सऱ्या जास्त निघाल्यात. त्यापुढे ओढ्याचं पात्र पूर्वी बैलगाडी उतरेल एवढं होतं असं थोरला सांगतो. आज दोन्हीकडून बांध सरकत आलेत आणि मध्ये रस्त्यासाठी टाकलेल्या एका सिमेंट नळीतून सगळं पाणी जायचंय. 25 मेला ते गेलं नाही. उलटं फिरून रानात शिरलं आणि तिथंच बसलं.

यात कुणाचा दुष्टावा नाही. तीस वर्षं ओढा कोरडा दिसला तर माणूस त्यात ऊस लावणारच. पण सप्टेंबर 2019 मध्ये कऱ्हेला पूर आला, ऑक्टोबर 2020 मध्ये बंगालच्या उपसागरातून निघालेला पट्टा थेट इथवर येऊन इंदापूर-बारामतीला झोडपून गेला, आणि आता मे 2025. ओढ्याच्या कोरड्या वर्षांवर भरवसा ठेवायचे दिवस गेले, हे मला इथं उभं राहून अगदी कळवळून सांगावंसं वाटतं.

उपाय अवघड नाही, एकट्यानं होणारा मात्र नाही. जमिनीखाली साधारण एक-सव्वा मीटरवर सच्छिद्र पाइप टाकून पाणी गोळा करायचं तंत्र जुनं आणि खात्रीचं आहे. कोल्हापूरकडे शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशा जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या. तिथल्या कामाचा कणा पाइप नव्हे, सामाईक मुख्य चर आहे. प्रत्येकाच्या रानातलं पाणी ज्यात पडतं आणि जो पुढे नदी-ओढ्यापर्यंत मोकळा असतो. आबांनी आज लाखभर खर्चून पाइप टाकले तरी त्यांचं तोंड शेजाऱ्याच्या सरीत उघडेल.

4:00

कालव्यावरच्या, जिरायत बाजूच्या एका रानात धावती फेरी. इथं पाणी साचलं नाही. इथं मातीच गेली. हलक्या रानावरचा दोन-तीन बोटांचा थर वाहून मुरूम उघडा पडलाय. माळेगाव खुर्दला अशाच मुरमाड माळावर 2009 मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली. दुष्काळ, पाणथळ, क्षार या साऱ्यांशी पिकांनी कसं झगडावं याचाच तिथं अभ्यास चालतो. शेतकरी मावशींना तिथला पत्ता आणि दिशा सांगितली, बांधाला गवत लावा म्हटलं, आणि पुन्हा खाली उतरलो.

5:15

आबांच्या भोकात पाणी 85 सेंटिमीटरवर येऊन थांबलंय. तासाभरात हललं नाही, म्हणजे हीच पातळी. पाण्याचा नमुना मीटरखाली धरला: 3 च्या वर. विहिरीचं पाणी त्याच्या निम्म्यावर. आकडे आबांच्याच वहीत तारीख घालून लिहिले.

मग सल्ला, रोखठोक. जिप्सम आत्ता आणू नका. ते चोपण जमिनीचं औषध आहे, आणि निचरा नसताना टाकलं तर पैसे मातीत. माती प्रयोगशाळेत जाऊ द्या, सामू आणि सोडियम कळू द्या. तोवर धैंचा पेरा आणि फुलोऱ्याच्या आत गाडा. खालच्या कोपऱ्यात यंदा ऊस लावायचाच असेल तर क्षार सोसणारा फुले 265 बघा. आणि सगळ्यात आधी चर.

7:00

मारुतीच्या पारावर चरवाले तिघेही आले. आबा, मधला शेतकरी, आणि ओढ्याकाठचे तात्या. सुरुवात तापलीच. मधला म्हणाला, "माझ्या चार सऱ्या जात्यात, त्याचं काय?" मी आबांची वही पुढे केली आणि त्याच्या रानाची पातळी उद्या सकाळी मोजून देतो म्हटलं. वरच्याचं पाणी 85 वर असेल तर खालच्याचं त्याहून वरच असणार, हे त्याला सांगावं लागलं नाही. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तात्यांनी विचारलं, जेसीबी ताशी काय घेतो, आणि बोलणं पैशावर आल्यावर मला हायसं वाटलं.

खर्च तिघांत, क्षेत्राप्रमाणे. सिमेंट नळीच्या जागी मोरी मागायचा अर्ज ग्रामपंचायतीकडे तिघांच्या सहीनं. तात्यांची अट एकच: बांधावरचं आंब्याचं झाड जाता कामा नये. सकाळी सातला आखणी करायची ठरली. फक्की आबा आणणार आहेत, आणि मोजपट्टी माझी.